नवा पुरावा चालणार नाही

४ मार्च, मंगळवार

निकाल आला. चौदा पानं. ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून फोनवर उघडला. सुरुवातीपासून वाचायचा धीर होईना, म्हणून थेट शेवटच्या पानावर गेले. माझा क्लिअरन्स चालू ठेवणं राष्ट्रहिताशी 'स्पष्टपणे सुसंगत' नाही, असं जजनी लिहिलंय. सहा वर्षं होतं. आता नाही.

नीना, माझी वकील, म्हणते सगळ्या तारखा लिहून ठेवा. त्या मी इंग्रजीत एका फाइलमध्ये लिहून तिला पाठवते. ही वही निराळी. मराठीत लिहिलं की कुणाला कळणार नाही असं वाटतं, आणि लगेच वाटतं की सरकारकडे मराठी वाचणारं कुणीतरी असेलच.

मी नौदलाच्या रडारचं सॉफ्टवेअर तपासते. त्या कामाला सरकारचा सिक्युरिटी क्लिअरन्स लागतो, आणि क्लिअरन्स असलेल्या माणसाच्या क्रेडिट रिपोर्टवर सरकारची कायम नजर असते. मागच्या वर्षी माझ्या रिपोर्टवर तीन बुडीत कार्डं आणि दोन थकलेली कर्जं दिसली. मिळून अठ्ठावन्न हजार डॉलर. कर्जात बुडालेला माणूस पैशासाठी गुपितं विकू शकतो, असं त्यांचं म्हणणं. जानेवारीत सुनावणी झाली, आज हे.

मोरेश्वरला फोन केला.

"नाही म्हणाले," मी सांगितलं.

"बरं." मग, "जेवलीस का?"

माझा नवरा दहा डॉलरचं पार्किंगचं तिकीट आलं तर दोन दिवस त्यावर बोलतो. अठ्ठावन्न हजारांवर मात्र वर्षभरात एकदाही आवाज चढवला नाही. मला त्याच्या चांगुलपणाची लाज वाटते.

एचआरने सांगितलं, अपिलाचा निकाल लागेपर्यंत नोकरी आहे. निकाल विरुद्ध गेला तर त्याच आठवड्यात संपली. घरातल्या सगळ्यांचा विमा माझ्या नोकरीवर आहे. मोरेश्वरच्या हृदयात दोन स्टेंट आहेत आणि त्याचं काम कंत्राटी. मुलीची, अनिकाची, कॉलेजची दोन वर्षं बाकी आहेत.

६ मार्च, गुरुवार

आज सगळी पानं वाचली. नवव्या पानावर माझा भाऊ आहे.

सुनावणीसाठी सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट्स द्यावी लागली होती. त्यात नोव्हेंबरमध्ये शंतनूकडून पाचशे एक डॉलर जमा. सरकारी वकिलाने विचारलं, ही रक्कम कसली? मी सांगितलं, भाऊबीज. बहीण भावाला ओवाळते, भाऊ ओवाळणी घालतो. यंदा तो पुण्यात, मी इथे वेस्ट विंडसरला, म्हणून व्हिडिओवर ओवाळलं आणि ओवाळणी बँकेत आली. वरचा एक डॉलर कशाला, तेही समजावलं. जज हसल्या. मला वाटलं, चला, एक तरी उत्तर चांगलं गेलं.

त्याचं नवव्या पानावर असं झालंय: अर्जदाराचा भाऊ तिला भेटीदाखल मोठ्या रकमा देण्याइतका सधन आहे. तरीही कर्ज थकत असताना तिने त्याच्याकडे मदत मागितल्याचं दिसत नाही. यावरून कर्ज फेडण्याची तिला तळमळ नव्हती, असा निष्कर्ष निघतो.

तीनदा वाचलं. आधी हसू आलं. मग ही वही काढली.

ते अठ्ठावन्न हजार शंतनूने नेले.

हे मी पहिल्यांदाच लिहितेय. लिहिलं आणि उठून दाराची कडी पाहून आले.

दोन वर्षांपूर्वी सांता क्लाराला त्याची नोकरी गेली. व्हिसावर होता, साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. बायको चार महिन्यांची गरोदर. "ताई, दोन महिन्यांचा प्रश्न आहे." पुढे बाळ वेळेआधी झालं, हॉस्पिटलचं बिल आलं. मग कुणा मित्राबरोबर कंपनी काढायची ठरली. दर वेळी दोनच महिन्यांचा प्रश्न होता. मी माझ्या नावावर कर्ज काढत गेले. शेवटी तो पुण्याला परत गेला आणि कर्ज इथे राहिलं.

मोरेश्वरला यातलं काही माहीत नाही. फार वर्षांपूर्वी शंतनूने गाडीसाठी तीन हजार नेले होते, ते आले नाहीत. तेव्हा मोरेश्वर माझ्या आईसमोर म्हणाला होता, "यापुढे त्याला द्यायचे असतील तर दे, पण मला सांगून दे." आईचा चेहरा उतरला. मी म्हणाले, माझ्या माहेरचं मी बघेन. मग बघितलं.

आणि सुनावणी घरून होती, लॅपटॉपवर. जजनी विचारलं, खोलीत आणखी कुणी आहे? मी म्हणाले, नाही. नव्हतंच. मोरेश्वर भिंतीच्या पलीकडे किचनमध्ये भांडी घासत होता, आणि इथल्या भिंती म्हणजे दोन पुठ्ठे. सरकारी वकिलाने विचारलं, एवढे पैसे नेमके कशावर खर्च झाले? तेवढ्यात पलीकडचा नळ बंद झाला. मी म्हणाले, किचनचं काम बजेटबाहेर गेलं, मुलीची फी होती, माझं दुर्लक्ष झालं.

शपथेवर.

९ मार्च, रविवार

नीनाशी तासभर बोलणं झालं. ती तेहतीस वर्षांची आहे, इथेच जवळ आयसेलिनला जन्मली, व्हर्जिनियात प्रॅक्टिस करते आणि अशाच केसेस घेते. मराठी आहे म्हणून मी तिच्याकडे गेले. आपल्या माणसाला आपलं समजेल असं वाटलं. फी भरून झाल्यावर कळलं की ती इथल्या मराठी मंडळातल्या सुलेखाताईंची मुलगी. त्यामुळे तिलाही मी किचनच सांगितलंय.

"काकू, एक गोष्ट क्लिअर करते," नीना म्हणाली. "अपील म्हणजे नवी सुनावणी नाही. अपील बोर्ड नवा पुरावा बघत नाही. एक कागद पण नाही. जे रेकॉर्डवर आहे त्याच्यात जजनी एरर केली का, फक्त तेवढंच."

"म्हणजे मी आता काही सांगितलं तरी..."

"चालणार नाही. का? काही सांगायचंय?"

"नाही गं. आपलं विचारलं."

"ओके. मग नववं पान. तुमचा भाऊ रिच आहे का?"

"नाही."

"सी! एका गिफ्टवरून जज म्हणतात तो सधन आहे. पुरावा कुठाय? आई मला दर दिवाळीला एकशे एक देते आणि वर म्हणते गाडीत गॅस भरायचे पैसे दे. धिस इज अवर बेस्ट इश्यू, काकू."

मी विचारलं, जिंकलो तर काय होतं?

"बहुतेक केस परत जजकडे पाठवतात. मग ते रेकॉर्ड पुन्हा उघडू शकतात. तेव्हा नवा पुरावा देता येतो. भावाचं स्टेटमेंट घेऊ, बँकेचे पेपर्स घेऊ. सोपं आहे."

फोन ठेवला आणि खुर्चीतच बसून राहिले. हरले तर नोकरी जाते. जिंकले तर भावाला बोलवा, त्याची बँक उघडा, आणि मग त्या बँकेत माझे चेक सापडणार. सरकार म्हणणार, बाई शपथेवर खोटं बोलली, आणि तेही परदेशात राहणाऱ्या भावासाठी. कर्ज काढणं हा मूर्खपणा झाला. खोटं बोलणं हा वेगळा गुन्हा.

मोरेश्वर आत आला, म्हणाला, "काय म्हणते नीना?"

"चान्स आहे म्हणते."

"तिला सगळं सांगितलंस ना?"

"सगळं म्हणजे?"

"वकिलापासून काही ठेवू नये असं म्हणतात. म्हणून विचारलं." आणि तो रिसायकलिंगचा डबा घेऊन बाहेर गेला.

१३ मार्च, गुरुवार

अपिलाची नोटीस गेली. निकालावर तारीख २७ फेब्रुवारीची आहे, तिच्यापासून पंधरा दिवस असतात, आज चौदावा. आता एका महिन्यात लेखी म्हणणं द्यायचं.

ऑफिसमध्ये माझा बिल्ला लाल झालाय. लाल बिल्ला म्हणजे या व्यक्तीबरोबर सतत कुणीतरी हवं. लॅबच्या मजल्यावर पाऊल टाकायचं नाही. माझं टेबल रिसेप्शनच्या मागे, झेरॉक्स मशीनशेजारी. बाथरूमला जायचं तर वॉल्टला सांगावं लागतं. वॉल्ट चौसष्ट वर्षांचा, नौदलातून निवृत्त, सहा वर्षं माझ्या शेजारी बसायचा. तो बाहेर उभा राहतो आणि मला संकोच वाटू नये म्हणून जोरजोरात शीळ घालतो. आज म्हणाला, "नील, इतकी वर्षं तू माझ्या चुका शोधल्यास. आता मी तुझी वाट बघतो. फिट्टंफाट."

मी हसले. मग आत जाऊन नळ सोडून उभी राहिले. चांगली माणसं चांगलं वागली की जास्त भीती वाटते.

१५ मार्च, शनिवार

मोरेश्वरवर चिडले, आणि चिडायचा मला हक्क नव्हता.

सुनावणीसाठी नवऱ्याचं पत्र जोडायचं असतं. त्याने ते स्वतःच लिहून परस्पर नीनाला पाठवलं होतं, मी वाचलंही नव्हतं. अकराव्या पानावर जज म्हणतात, पतीच्या पत्राला फार वजन देता येत नाही, कारण ते अर्जदाराच्या स्वतःच्या साक्षीशी जुळत नाही. म्हणून आज मूळ पत्र काढून वाचलं. त्याने लिहिलंय: 'माझ्या बायकोने स्वतःवर कधी खर्च केलेला मी पाहिलेला नाही. आमचं किचन अकरा हजारात झालं आणि ते पैसे मी दिले. तिचा पैसा गेला असेल तर तो तिच्या माणसांसाठी गेला असेल, आणि विचारलं तर ती सांगेल.'

"अरे, हे काय लिहिलंस? मी तिथे किचन म्हणतेय आणि तू इथे अकरा हजार म्हणतोस!"

"जे होतं ते लिहिलं."

"निदान मला दाखवायचंस तरी."

"तू तरी कुठे दाखवलंस?"

"काय दाखवलं नाही मी?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "साक्ष. तुझी साक्ष काय असणार, ते."

बरोबर आहे त्याचं. मी आधी सांगायला हवं होतं की किचन म्हणणार आहे. एवढ्या साध्या गोष्टीत गोंधळ झाला आणि जजच्या हाती कोलीत दिलं.

५ एप्रिल, शनिवार

मंडळाचा पाडवा. जायचं नव्हतं, पण न गेले असते तर लोकांनी विचारलं असतं. शाळेचा हॉल, श्रीखंडाच्या वाट्या, लेझीमच्या पोरी. आणि जेवणाच्या रांगेत नेमक्या पुढे सुलेखाताई.

"काय गं नीलांबरी, वाळलीस किती! नवरा जेवायला घालत नाही का?"

"घालतो की. मीच कमी खाते."

"काम फार असेल. तुमचं ते गुपचूप काम. आमची नीनाही तसलीच. कोणाच्या केसेस घेते विचारलं की म्हणते, मम्मी, डोन्ट आस्क. अगं, जन्म दिला मी, आणि मलाच डोन्ट आस्क!"

सगळे हसले. मीही हसले. माझ्या ताटातली पुरी खाली पडली.

"मी तिला म्हणते," सुलेखाताई वाकून पुरी उचलता उचलता म्हणाल्या, "आपली माणसं आली तर जरा सांभाळून घे. आपली माणसं पोटात ठेवतात सगळं."

त्या सहज म्हणाल्या की माहीत असून म्हणाल्या? घरी येईपर्यंत तेच डोक्यात. गाडीत मोरेश्वर म्हणाला, "बाई बडबडी आहे, पण तिला काही माहीत नाही." मी काही विचारलं नव्हतं.

१४ एप्रिल, सोमवार

लेखी म्हणणं दाखल झालं. एकोणीस पानं. नीनाने नवव्या पानावर सहा पानं लिहिली आहेत. 'एका सणाच्या प्रतीकात्मक भेटीवरून देणाऱ्याच्या सांपत्तिक स्थितीचा निष्कर्ष काढता येत नाही.' फार छान लिहिलंय. वाचताना मला स्वतःलाच पटत होतं की माझ्यावर अन्याय झालाय.

खाली सही करताना नीनाने फोनवर विचारलं, "काकू, यातलं सगळं खरं आहे ना?"

यातलं सगळं खरं आहे. शंतनू सधन नाही. मी सही केली.

११ मे, रविवार

शंतनूने फोटो पाठवले. बाणेरला फ्लॅट घेतला, काल वास्तुशांत झाली. बाळ गुटगुटीत झालंय, दीड वर्षापूर्वी काचेच्या पेटीत होतं. मला रडू आलं.

मोरेश्वरने फोन हातात घेऊन एकेक फोटो सावकाश पाहिला. "किती बेडरूम?"

"तीन."

"गाडीही नवी दिसते."

"कंपनीची असेल. हप्ते भरता भरता जीव जात असेल बिचाऱ्याचा."

"असेल," मोरेश्वर म्हणाला आणि फोन परत दिला. दुपारभर तो मागच्या अंगणात टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होता. जेवायला दोनदा हाक मारावी लागली.

१९ जून, गुरुवार

सुट्टी. दुपारी दारावर दोन माणसं. पांढरे शर्ट, गळ्यात ओळखपत्रं, हातात फोल्डर. मागे एकदा चौकशी अधिकारी शेजाऱ्यांकडे माझ्याबद्दल विचारून गेला होता, तोही असाच दिसत होता. मी जिन्यावर खाली बसून राहिले. बेल दोनदा वाजली. अनिका सुट्टीसाठी घरी आली आहे, ती उघडायला निघाली, मी तिचा हात धरला.

"आई, व्हॉट आर यू डूइंग? सोलर पॅनेलवाले आहेत."

तिने त्यांना घालवलं. मग माझ्या शेजारी पायरीवर बसली. "यू आर शेकिंग," ती म्हणाली. "आई, तू कुणाला मारलंस वगैरे का?"

"नाही गं."

"मग एवढं काय?"

वीस वर्षांच्या मुलीला काय सांगू? म्हणाले, ब्लड प्रेशर. तिने बाबांना सांगितलं. संध्याकाळी मोरेश्वरने प्रेशर मोजलं. ते अगदी नॉर्मल आलं. त्याने पट्टा सोडला, माझा हात मात्र बराच वेळ सोडला नाही.

२२ जुलै, मंगळवार

जिंकलो.

बोर्डाने म्हटलंय की भावाच्या सांपत्तिक स्थितीबद्दलचा निष्कर्ष पुराव्याशिवाय काढला आहे आणि त्याचा निकालावर परिणाम झाला आहे. केस जजकडे परत. नीना फोनवर ओरडत होती. "काकू, हे फार कमी वेळा होतं! मी आईला सांगू शकत नाही नाहीतर पेढे वाटले असते!" वॉल्टने झेरॉक्स मशीनवर थाप मारली. मोरेश्वर जिलबी घेऊन आला.

संध्याकाळी जजची सूचना आली. रेकॉर्ड पुन्हा उघडलं आहे. तीस दिवसांत दोन्ही बाजूंनी हवा तो पुरावा द्यावा. विशेषतः दोन मुद्दे: भावाची आर्थिक स्थिती, आणि मूळ कर्ज कोणत्या कारणाने झालं.

जिलबीचा पुडा तसाच फ्रिजमध्ये ठेवला.

२४ जुलै, गुरुवार

शंतनूला फोन केला. त्याला क्लिअरन्सचं काही माहीत नव्हतं. आज सांगितलं. सगळं.

"बापरे," तो म्हणाला. "ताई, तू बोलली नाही कधी."

"आता बोलतेय ना. मला एक पत्र हवं. तू लिहून दे की पैसे तू घेतलेस, कधी, किती, कशासाठी. आणि तुझी बँकेची दोन वर्षांची स्टेटमेंट्स."

पलीकडे बाळाचा आवाज. मग दार लावल्याचा आवाज, आणि घाबरला की तोंडात येते ती आमच्या माहेरची बोली.

"लेखी कायले पाहिजे? तोंडी सांग ना त्यांना."

"तोंडी चालत नाही रे. सरकार आहे."

"अगं पण लेखी दिलं म्हणजे माझ्यावर कर्ज आलं ना ते. इथे होम लोन चालू आहे माझं. बँकेत मी काहीच देणं नाही म्हणून सही केली आहे. फालतूचं लफडं होईल."

"शंतनू, माझी नोकरी जाईल."

"तू टेन्शन कायले घेऊन राहिली? तुमचं तिकडे होऊन जातं काही ना काही. दोघं कमावता. भावोजींना सांग ना."

"तुझा फ्लॅट केवढ्याचा?"

हे मी का विचारलं माहीत नाही. तोंडून गेलं.

त्याने पलीकडे खुर्ची ओढली. मग म्हणाला, "एक दहा. एक कोटी दहा. पण ताई, त्यातले चाळीस लाखच मी भरले, बाकी लोन आहे."

चाळीस लाख म्हणजे साधारण अठ्ठेचाळीस हजार डॉलर. गणित करायला मला कागद लागला नाही.

मी फोन ठेवला. नववं पान पुन्हा काढलं. सधन आहे, तरीही तिने मदत मागितल्याचं दिसत नाही. त्या बाईंनी पाचशे एक डॉलरवरून हे ओळखलं होतं, आणि मी एकोणीस पानं लिहून ते खोडायला लावलं.

२५ जुलै, शुक्रवार

दिवसभर तीन पर्याय मांडत बसले. किचनच चालू ठेवायचं. पण सरकारी वकिलाकडे मोरेश्वरचं पत्र आहे, त्यात अकरा हजार लिहिलेत, ते आता किचनची पावती मागणार. काहीच द्यायचं नाही. मग जज जुनाच निकाल नव्याने लिहिणार. तिसरं खरं सांगायचं.

तिसऱ्यात नोकरी वाचेलच असं नाही. नवा आरोप येऊ शकतो. मोरेश्वर काय करेल ते माहीत नाही. तेवीस वर्षांत मी त्याला एकाच गोष्टीबद्दल फसवलं आणि तीच त्याने एकदा सांगून ठेवली होती.

वॉल्टने विचारलं, "केस जिंकलेली माणसं अशी दिसतात?"

२७ जुलै, रविवार

दोनदा सांगायची हिंमत नव्हती. एकदा मोरेश्वरला आणि एकदा नीनाला. म्हणून एकदाच सांगितलं.

सकाळी दहा. मोरेश्वर डायनिंग टेबलवर वर्तमानपत्र पसरून कोथिंबीर निवडत होता. मी त्याच्यासमोर बसले, नीनाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. त्याने वर पाहिलं, मग पुन्हा कोथिंबिरीकडे.

"काकू, संडेला? ऑल ओके?"

"नीना, मी सुनावणीत खरं सांगितलं नाही. पैसे किचनवर गेले नाहीत. फीवरही नाही. माझ्या भावाला दिले, सगळेच्या सगळे. हे मी तुला सांगितलं नाही, कारण तू सुलेखाताईंची मुलगी. तिथे सांगितलं नाही, कारण मोरेश्वर पलीकडे होता." आवाज फुटत होता, पण थांबले असते तर पुन्हा सुरू झाला नसता. "आणि तो गरीब नाहीये. अपिलात आपण लिहिलं ते मला खरं वाटत होतं. आता वाटत नाही."

पलीकडे नीनाने टीव्ही बंद केला. मग तिचा आवाज वेगळा आला, वकिलाचा. मराठी बरंचसं गळून पडलं होतं. "ओके. काकू, लिसन. आता मला माहीत आहे, म्हणजे मी गप्प बसू शकत नाही. साक्ष करेक्ट करावी लागेल. आपण स्वतःहून, त्यांनी पकडायच्या आधी. त्याने फरक पडतो. पण नवीन आरोप येऊ शकतो. क्लिअरन्स जाऊ शकतो. मी प्रॉमिस नाही करू शकत. समजलं?"

"समजलं."

"भाऊ लिहून देईल?"

"नाही."

"मग प्रूफ काय आहे? चेक, मेसेज?"

"मेसेज मी पुसले. चेकबुकात मागे राहणारी नोंदीची पानं फाडून टाकली. घरात सापडू नये म्हणून."

ती काहीतरी पुटपुटली. मग म्हणाली, "ठीक आहे. बँकेकडून जुने चेक मागवता येतात, पण डेट्स लागतील. सुरुवातीपासून जाऊ. पहिला चेक कधी?"

"ऑगस्ट असावा. की सप्टेंबर? त्याची नोकरी गेली त्यानंतर..." मला खरंच आठवेना. दोन वर्षं मी त्या तारखा विसरायचाच प्रयत्न केला होता.

"चौदा ऑगस्ट," मोरेश्वर म्हणाला. कोथिंबिरीची काडी त्याने बाजूला ठेवली. "नऊ हजार पाचशे. पुढचा दोन ऑक्टोबर, बारा हजार. तिसरा बाळ झालं त्या आठवड्यात. थांब, तू पानं फाडायच्या आधी मी उतरवून ठेवलंय."

तो उठला आणि हात धुवायला सिंककडे गेला.

"काकू," फोनमधून नीना म्हणाली, "काकांना माहीत होतं?"

मी त्याच्या पाठीकडे बघत होते. नळ चालू होता. तिने पुन्हा विचारलं.

"हो," मी म्हणाले. "लिहून घे. चौदा ऑगस्ट."